युगांडाला जाताना फोन आणि ओटीपीची सोय : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमचे आण्णा (वय ५९) पुढच्या महिन्यात युगांडाला चाललेत. वाळवा तालुक्यातल्या साखर कारखान्यात तीस वर्षं पॅनवर (उसाचा रस आटवून साखर पाडतात ते भांडं) काढली. निवृत्तीनंतर घरात बसवेना, तेवढ्यात जिंजाजवळच्या एका साखर कारखान्याने दोन वर्षांच्या करारावर बोलावलं. कॉलनी आहे, मेस आहे, वीज कारखान्याच्या बगॅसवरची (उसाच्या चिपाडांवरची). त्या बाजूने काळजी नाही. काळजी फोनची आहे.

घरचं सगळं आण्णांच्या मोबाईलवर चालतं. सोसायटीचं कर्ज, धाकट्याची फी, गॅसचं बुकिंगसुद्धा. ओटीपी येतो तो त्यांच्याच नंबरवर. बँकेत विचारलं तर "नंबर बदलायचा असेल तर त्यांना समक्ष पाठवा" एवढंच उत्तर मिळालं. आता समक्ष आहेत, पण तिकडचा नंबर अजून मिळालेला नाही; नंबर मिळेल तेव्हा ते जिंजात असतील!

इथलं सिम तिकडे जिवंत ठेवता येईल का? तिथलं सिम कसं मिळतं? रोज रात्री आईशी व्हिडिओ कॉल होईल एवढं नेट असतं का? आणि निवडणुकीत सरकार नेटच बंद करतं म्हणतात, ते खरं का? आईला हे अजून सांगितलेलं नाही.

– कृष्णाकाठची

जुना_कंपालाकर :
ताई, नेटचं मनावर घेऊ नका. मी २००७ ला गेलो तेव्हा पूर्व आफ्रिकेत समुद्राखालची केबलच नव्हती, सगळं उपग्रहावरून. सायबर कॅफेत एक फोटो घरी पाठवायचा तर तो चढेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. २००९ मध्ये सीकॉमची केबल आली, पुढच्या वर्षी ईस्सी, आणि चित्रच पालटलं. युगांडाला समुद्र नाही, त्यामुळे जमिनीवरून केनियातून मोंबासापर्यंत फायबर जोडलेलं आहे, टांझानियाकडूनही आहे. म्हणजे दुखणं दुसऱ्याच्या अंगणातलं असतं. मे २०२४ मध्ये ईस्सी आणि सीकॉम एकाच दिवशी तुटल्या तेव्हा केनिया, टांझानिया, युगांडा सगळीकडे नेट रखडलं. असं झालं तर आईंना सांगा, आण्णा बरे आहेत, केबल आजारी आहे.

पॅनमन_पूर्व :
मी सध्या युगांडातच आहे, दुसऱ्या एका कारखान्यात. आण्णांना नमस्कार सांगा. इथे गळीत चार-पाच महिन्यांत उरकत नाही, जवळजवळ वर्षभर चालतं, एवढं मनाशी धरून या म्हणावं.

सिमचं सोपं आहे. पासपोर्ट घेऊन एमटीएन किंवा एअरटेलच्या दुकानात जायचं, बोटांचे ठसे द्यायचे. कॉलनीत कुठल्याचं टॉवर चांगलं पकडतं ते आधी तिथल्या माणसांना विचारा, मग सिम घ्या. मी उलटं केलं आणि महिनाभर गच्चीवर उभा राहून बोललो.

भारतातलं सिम अजिबात बंद करू नका. निघण्यापूर्वी भारतातूनच आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या, दोन सिमचा फोन द्या, भारताच्या सिमचं डेटा रोमिंग बंद ठेवा. येणाऱ्या एसएमएसला पैसे पडत नाहीत, त्यामुळे ओटीपी येतो. रिचार्ज मात्र तुम्ही सांगलीतून वेळेवर मारत राहा. युगांडाचा नंबर यूपीआयला जोडू म्हणाल तर जमणार नाही. २०२३ मध्ये परदेशी नंबरांना परवानगी दिली, त्या दहा देशांच्या यादीत अमेरिका, ओमान, सिंगापूर होते, आफ्रिकेतला एकही नव्हता. दोन वर्षं नोकरीला येताहेत तर बचत खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं इथलं रुपयांतलं खातं) करणं भाग आहे, ते आण्णा समक्ष आहेत तोवरच उरका. गॅस आणि फी आजच आईंच्या नंबरवर वळवा.

इथला रोजचा व्यवहार मोबाईल मनीवर, म्हणजे सिमच्या नंबरवरच पैसे ठेवायचे आणि पाठवायचे. एमटीएनवर स्टार १६५ हॅश, एअरटेलवर स्टार १८५ हॅश दाबायचं. नेट लागत नाही, बटणांचा फोनही चालतो. बोडावाला (मोटरसायकल टॅक्सी) सुद्धा त्यावर पैसे घेतो. रोख काढताना अर्धा टक्का कर कापतात.

निवडणुकीचं खरं आहे. २०१६ मध्ये सोशल मीडियाबरोबर मोबाईल मनीही बंद केलं होतं. जानेवारी २०२१ मध्ये मतदानाच्या आदल्या संध्याकाळपासून पाच दिवस नेट ठप्प होतं, साधे फोन चालू होते. म्हणून त्या दिवसांत खिशात थोडी रोकड आणि आयएसडीपुरता बॅलन्स ठेवायचा. फेसबुक तेव्हा बंद झालं ते पुढेही बंदच राहिलं. व्हॉट्सॲप चालतं. भारतापेक्षा घड्याळ अडीच तास मागे, त्यामुळे आईंनी साडेदहाला फोन केला तर आण्णा नुकते जेवायला बसलेले असतील.

कृष्णाकाठची :
दोघांचे खूप आभार! उद्याच बँकेत जातोय, रोमिंगचं आजच केलं. आईला निवडणुकीचंही सांगून टाकलं, ती म्हणाली, "पाच दिवसच ना?" आण्णांनी मात्र सगळं ऐकून एकच विचारलं : फेसबुक नाही, मग कुस्तीची मैदानं लाइव्ह कशी बघायची?

पॅनमन_पूर्व :
यूट्यूबवर असतात की! फक्त वायफायवर बघायला सांगा. डेटा बंडल इथे आपल्याकडच्यासारखं स्वस्त नाही, वर बारा टक्के कर आहे. एक निकाली कुस्ती लांबली की आठवड्याचं बंडल चितपट.