जयनगरहून जनकपूर : सीमा कळते तरी का?

घाटावरची: डिसेंबरात दरभंग्याला मावसबहिणीकडे चाललेय. तिथून नेपाळातलं जनकपूर करावं म्हणते. पासपोर्टची मुदत संपलीय. जमेल? आणि दोन्हीकडे मैथिलीच, मग वेगळा देश कसला?

निवृत्त_कॅशियर: ताई, पासपोर्ट लागत नाही. मतदार ओळखपत्र मात्र मूळ ठेवा, झेरॉक्स नको. मी जयनगरला, म्हणजे बिहारच्या सीमेवर, दोन वर्षं काढलीत. तिथूनच जनकपूरची गाडी सुटते, 2022 पासून ब्रॉडगेजवर. सीमा डोळ्यांना दिसत नाहीच. तीच भाताची खाचरं, तीच मखान्याची तळी. 1816 च्या सुगौलीच्या तहाने मिथिलेच्या मधून रेघ गेली, नाती राहिली. आमच्या घरमालकीणबाईंचं माहेर पलीकडे धनुषा जिल्ह्यात. कार्तिकात सामा-चकेवा या सणाला त्या मातीचे पक्षी करत. ओल्या मातीला बोटाने चिमटा काढला की चोच तयार! भावासाठी असतो तो सण, आपल्या भाऊबिजेच्या जातकुळीतला. भाऊ नेपाळात, पक्षी बिहारात.

एक सांगतो, घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. मी नाही केलं. परतीची गाडी डोळ्यांदेखत गेली.

पायी_पायी: पैशांचं गणित सोपं : आपले 100 म्हणजे त्यांचे 160. भाव विचारताना ‘आयसी की एनसी’, म्हणजे भारतीय रुपये की नेपाळी, हे आधी विचारा. विवाहपंचमीला, म्हणजे राम-सीतेच्या लग्नाच्या सणाला, गेलात तर खोली आधी बघून ठेवा, जानकी मंदिराला तुफान गर्दी असते.

घाटावरची: कॅशियरकाका, पक्षी आता मिळतील का हो?

निवृत्त_कॅशियर: नाही, कार्तिकी पौर्णिमेलाच निरोप देतात त्यांना.