मदत हवी आहे: सुरगाण्याहून मळ्यात कामाला आलेल्या बाळंतिणीचा अंगणवाडीचा आहार आणि मातृ वंदनेचे पैसे

नमस्कार,

नाशिक तालुक्यात गिरणारे बाजूला आमची द्राक्षबाग आहे. दिवाळी झाली की सुरगाणा-पेठकडची कुटुंबं कामाला येतात आणि शिमग्यापर्यंत मळ्यातल्या शेडमध्येच राहतात. यंदाच्या टोळीत २२ वर्षांची एक मुलगी आहे, पहिलटकरीण, बाळ चार महिन्यांचं. सध्या डिपिंग (द्राक्षांचे घड औषधात बुडवायचं काम) चालू आहे. बाळ झोळीत, ही वेलीखाली, मधूनमधून पाजायला उठते. दुपारी भाकरी आणि ठेचा. दूध पुरत नाही असं परवा तीच म्हणाली. आम्ही घरून देतो ते देतोच, पण तिच्या हक्काचं जे सरकारी आहे ते तिला मिळालंच पाहिजे असं मला फार वाटतं. म्हणून हा धागा.

अडचणी दोन आहेत.

पहिली आहाराची. गरोदरपणी तिचं नाव गावच्या अंगणवाडीत होतं. सुरगाणा आदिवासी क्षेत्रात येतो, त्यामुळे तिथे अमृत आहार योजनेतलं एक वेळचं गरम जेवण तिला मिळायचं. इकडे आल्यापासून सगळं बंद. मी तिला घेऊन इथल्या अंगणवाडीत गेले. सेविकाताई नीट बोलल्या, पण म्हणाल्या, "हिचं नाव तिकडच्या पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या नोंदीच्या ॲपवर) आहे, मला इथे घेता येत नाही. तिकडून काढून आणा." तरी त्यांनी प्रयत्न केला. आधार नंबर टाकला तर ओटीपी गेला नवऱ्याच्या बंद झालेल्या सिमवर. मग ओळख पटवायला ॲपमध्ये चेहरा घ्यायचा म्हणून मोबाईल तिच्यासमोर धरला. ती इतकी बावरली की पदर आणखीच पुढे ओढून घेतला, बाळ रडायला लागलं, आणि मोबाईल काही तिचा चेहरा घेईना. परतताना मला म्हणाली, "ताई, राहू द्या."

दुसरी पैशांची. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेचा फॉर्म गावच्या आशाताईंनी पाचव्या महिन्यात भरला होता. ३,००० रुपये जमा झाल्याचा मेसेज तेव्हा नवऱ्याच्या फोनवर आला होता म्हणे, पण पासबुकात काहीच नाही. बाळाच्या १४ आठवड्यांच्या लसी इथल्या उपकेंद्रात झाल्या, म्हणजे पुढच्या २,००० ची अटही पूर्ण झाली. आता हे पुढे कुणाकडे न्यायचं?

तिच्याजवळ एमसीपी कार्ड, म्हणजे माता-बाल संरक्षण कार्ड आहे (गावच्या नोंदी आणि इथल्या लसी दोन्ही त्यावर आहेत), बाळाचा जन्मदाखला आहे, तिचं आधार आणि एक पासबुक आहे. रेशनकार्ड गावी सासूकडे. बाळाचं आधार अजून काढलेलं नाही. गावी जाऊन यायचं तर नवरा-बायको दोघांची मजुरी बुडते, तेव्हा इथूनच होण्यासारखं काही असेल तर कृपया सांगा.

निफाडकर:
पैशांचं आधी सांगतो. मेसेज आला आणि पासबुकात नाही, म्हणजे बहुतेक पैसे तिच्याच दुसऱ्या खात्यात पडलेत. हे पैसे आधारवर येतात, आणि आधार शेवटी ज्या बँकेने एनपीसीआयकडे (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेकडे) जोडलं त्याच खात्यात जातात. फॉर्मसोबत कुठलं पासबुक लावलं याला अर्थ नाही. तिला विचारा, लाडकी बहीणचे १,५०० कुठे येतात? आमच्याकडच्या एका बाईंचे पैसे शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी काढलेल्या खात्यात निघाले. ते खातं आहे हेच त्या विसरल्या होत्या.

माय आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते दिसतं, पण तिथेही ओटीपी लागतो. म्हणून सगळ्यात आधी आधारला चालू नंबर जोडून घ्या. त्याला कागद लागत नाहीत, ती स्वतः आणि तिच्या बोटांचे ठसे पुरतात. आधार केंद्रात होतं, बऱ्याच पोस्टांतही होतं. नंबर नवऱ्याचा नको, तिचा स्वतःचा द्या, सिम घ्यावं लागलं तरी चालेल. तुमच्या दोन्ही अडचणी तिथेच अडल्यात.

आणि उशीर करू नका. मातृ वंदनेत बाळाच्या जन्मापासून २७० दिवसांच्या आत दावा लागतो. तुमच्याकडे पाचेक महिने आहेत, पण शिमग्यानंतर ही मंडळी परत जाणार.

सेविका_सिन्नर:
मी स्वतः अंगणवाडी सेविका आहे. एकच बाई ट्रॅकरवर दोन ठिकाणी चढत नाही, तेव्हा तिथल्या ताई बरोबरच सांगतायत. पण ट्रॅकरमध्ये स्थलांतराची सोय आहे. गावच्या सेविकेला नाव कमी करायला सांगू नका, स्थलांतर करायला सांगा. त्यांचा नंबर त्या मुलीकडे किंवा आशाताईंकडे असणारच. दोन्ही सेविकांचं फोनवर बोलणं करून द्या. तेवढ्यानेही नाही झालं तर आमच्या वरच्या पर्यवेक्षिकांना सांगा, बीटमध्ये (त्यांच्या हाताखालच्या अंगणवाड्यांच्या भागात) मजूर किती आलेत हे त्यांना माहीत असतं.

चेहऱ्याचं म्हणाल तर १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी ते सक्तीचं झालंय आणि आम्हालाही त्याचा त्रास होतो. शेडच्या अंधारात होत नाही. सकाळच्या उजेडात बाहेर बसवा, पदर मागे घ्यायला सांगा, बाळ दुसऱ्या कुणाकडे द्या. ॲप डोळ्यांची उघडझाप करायला सांगतं, ते तिला आधी समजावून सांगा. तुमच्या फोनवर तिचे दोन-चार फोटो काढून दाखवलेत तर भीती मोडेल.

बाळाच्या आधारासाठी थांबू नका. ते सक्तीचं नाही, आईच्या आधारवर नोंद होते. रेशनकार्डही लागत नाही.

एक गोष्ट मात्र फार महत्त्वाची. आईचा आहार बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंतच असतो. म्हणजे तिचे दोनच महिने उरलेत. पुढे बाळाचा स्वतःचा आहार सुरू होतो, तो तीन वर्षांपर्यंत घरी न्यायचा. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात आईसाठी ठरलेलं प्रमाण रोजचं ६०० किलोकॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनांचं होतं. ते पाकीट तिनेच खायचं, नवऱ्याच्या डब्यात जाऊ देऊ नका. बाळाला सहा महिन्यांपर्यंत वरचं काही नको, पाणीसुद्धा नको.

दूध पुरत नाही म्हणते ना, मग बाळाला अंगणवाडीत नेऊन वजन करा आणि कार्डावरच्या आलेखावर टाकून घ्या. वजन चढतंय आणि बाळ दिवसात सहा-सात वेळा लघवी करतंय, तर दूध पुरतंय. नाही चढलं तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या.

धागाकर्ती:
तुम्हा दोघांचे खूप आभार. तिला विचारलं. लाडकी बहीणचे पैसे पोस्टाच्या खात्यात येतात आणि ते पुस्तक सासूच्या पेटीत आहे! पुढच्या आठवड्यात टोळीतला एक जण गावी जातोय, तो घेऊन येईल. आधारला नंबर जोडायला उद्या मीच घेऊन जाते. आता विचारते ते एवढंच: पर्यवेक्षिकांकडूनही काही झालं नाही तर?

कायद्याचं_बोला:
तर लेखी द्या. तोंडी विनंतीचा कागद होत नाही आणि नकाराचाही होत नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ च्या कलम ४ मध्ये प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत स्थानिक अंगणवाडीतून मोफत आहार सांगितलाय. कलम ५ मुलांसाठी आहे. दारिद्र्यरेषेची अट अंगणवाडीला लावायची नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितलं, आणि १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात सहा वर्षांखालचं प्रत्येक मूल, प्रत्येक गरोदर आणि स्तनदा माता यांना या सेवा द्यायला सांगितल्या. अर्ज लांबवू नका, असा लिहा:

"प्रति, बाल विकास प्रकल्प अधिकारी. मी मूळची सुरगाणा तालुक्यातील असून मजुरीसाठी सध्या (गाव, मळ्याचा पत्ता) येथे राहते. माझे बाळ (तारीख) रोजी जन्मले. (तारीख) रोजी येथील अंगणवाडीत गेले असता पोषण ट्रॅकरवर नाव मूळ गावी असल्याने आहार मिळाला नाही. माझी व बाळाची नोंद येथे स्थलांतरित करून आहार, वजन व लसीकरणाच्या सेवा सुरू कराव्यात. सोबत आधार व एमसीपी कार्डाची प्रत."

सही किंवा अंगठा तिचा. दोन प्रती काढा, दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्या. त्यात सेविकेची तक्रार लिहू नका, तिचा दोष नाही आणि रोजचं काम तिच्याशीच आहे. पंधरवड्यात हललं नाही तर त्या पोचेची प्रत लावून जिल्हा परिषदेच्या महिला व बालविकास विभागात द्या. अन्न सुरक्षा कायद्याखाली जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी असतो, त्याच्याकडेही हीच पोच चालते.

गरम जेवणाचंही बघा. अमृत आहार अनुसूचित क्षेत्रातल्या गावांत असतो, आणि नाशिक तालुक्यातली काही गावं त्यात येतात. तुमचं गाव पेसात (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या कायद्यात) आहे का, ते ग्रामपंचायतीत कळेल.

धागाकर्ती:
अर्ज लिहून काढला, तिला वाचून दाखवला. "तारीख मीच सांगते," म्हणाली आणि बाळाच्या जन्माची वेळसुद्धा सांगितली. टोळीत आणखी एक सहा महिन्यांची गरोदर आहे, तिचं दुसरं बाळंतपण. तिचंही नाव याच अर्जात घालू का?

कायद्याचं_बोला:
नको, वेगळा अर्ज करा. प्रत्येकीची पोच वेगळी हवी. मातृ वंदनेत दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच पैसे मिळतात, ६,००० आणि तेही एकाच हप्त्यात, जन्मानंतर. पण आहाराला तशी कुठली अट नाही, तो तिला आजपासून मिळायला हवा.