फी माफ, पण तिकिटाचं काय?

छोट्या अनुदानाने होतकरू छायाचित्रकाराचं काय भलं होणार, असं काही जण म्हणतात; मला ते पटत नाही. कंबोडियात सिएम रीपला २००५ पासून आशियाई छायाचित्रकारांसाठी अंगकोर फोटो कार्यशाळा भरते. शिकवणी फुकट! पण विमानाचं तिकीट, राहणं-खाणं ज्याचं त्याने बघायचं. निवड होऊनही माणूस अडतो तो इथेच, आणि तेवढी रक्कम छोट्या अनुदानातून निघू शकते. नव्या लेन्सपेक्षा मला हा खर्च मोलाचा वाटतो. कार्यशाळेत काढलेले फोटो मार्गदर्शकासमोर ठेवायचे आणि त्यातले बहुतेक बाद होताना बघायचे. निवडीची ती नजर घरबसल्या येत नाही (लाइक्स मोजून तर नाहीच). फक्त अनुदान देणाऱ्यांनो, पैसे आधी द्या. बिलं दाखवल्यावर परतफेड करणार असाल, तर तिकिटाचे पैसे त्याने आणायचे कुठून?