१२५ पैकी १०४, तरी बायो की मॅथ्स ठरेना

सराफ्याची_सून: नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे, मुलगी दहावीत. करिअरचा निर्णय घ्यायचा आत्मविश्वास कितपत आहे ते मोजायला शाळेनं फॉर्म भरून घेतला. २५ प्रश्न, 'अमुक करायला जमेल याची किती खात्री?' अशा छापाचे, प्रत्येकाला १ ते ५. बाईसाहेबांना १०४! शाळेतल्या मॅडम म्हणाल्या, मुलगी ठाम आहे. अहो, कसली ठाम? महिनाभर रोज जेवणानंतर बायो की मॅथ्स यावर सभा भरते. मंगळवारी डॉक्टर, गुरुवारी आर्किटेक्ट. भंवरकुआला (इथला कोचिंग क्लासांचा भाग) मामेभावाचा क्लास बघून आली, तर दोन दिवस तोंडच उघडलं नाही. मग हे १०४ कशाचे?

पोहे_शेव_जास्त: आमच्या चिरंजीवांनी सगळीकडे ४ टाकले होते. डब्याची सुट्टी झाली होती म्हणून.

मास्तर_रिटायर्ड: ताई, हा फॉर्म टेलर आणि बेट्झ यांच्या १९८३ च्या मोजपट्टीवरचा दिसतो. मूळ ५० प्रश्न होते, १९९६ मध्ये २५ चा छोटा फॉर्म आला. तयार झाला तो अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांसाठी, हेही ध्यानात ठेवा. त्यात कल किंवा हुशारी मोजत नाहीत, 'हे मला जमेल' एवढंच विचारतात. पाच भाग असतात: स्वतःची पारख, व्यवसायांची माहिती, निवड, आखणी, अडलं तर वाट काढणं. प्रत्येकी ५ प्रश्न. बेरीज राहू द्या, भागवार आकडे सांगा.

सराफ्याची_सून: मॅडमकडून फॉर्म मागून आणला. पारख २२, माहिती २४, आखणी २४, वाट काढणं २३. आणि निवड ११! 'एकदा ठरवल्यावर चुकलं की काय, याची काळजी करत बसणार नाही' अशा अर्थाचा प्रश्न आहे, तिथे आधी ४ लिहून मग २ केलंय. खोडरबरानं कागद फाटलाय.

मास्तर_रिटायर्ड: मग आणखी माहितीपत्रकं आणू नका, माहिती तिला भरपूर आहे. असला विश्वास सगळ्यात जास्त स्वतः करून पाहिल्यानं येतो, असं बांडुरा हा मानसशास्त्रज्ञ सांगतो. ओळखीच्या आर्किटेक्टकडे दोन-तीन शनिवार बसवा, दवाखान्यातही बसवा. एक विचारू का? घरात तिनं एकटीनं ठरवलेली शेवटची गोष्ट कोणती?

सराफ्याची_सून: काल रात्री सराफ्यात खायला गेलो होतो. भुट्ट्याचा कीस की गराडू, तेसुद्धा ह्यांनीच सांगून टाकलं.