मोशेने घडवलेला पितळी साप हिज्कीयाने फोडला, ते बरोबर होतं का?

माळरान: बायबलातलं २ राजे, अध्याय १८, ओवी ४. यहूदाचा राजा हिज्कीया टेकड्यांवरची पूजास्थानं काढतो, दगडी स्तंभ फोडतो, अशेरा देवीचा खांब तोडतो आणि त्याच दमात मोशेने केलेल्या सापाचेही तुकडे करतो. कारण इस्राएली लोक त्या सापापुढे धूप जाळत होते. बाकीचं समजतं. पण मोशे इस्राएली लोकांना वाळवंटातून नेत होता आणि माणसं सर्पदंशाने मरत होती, तेव्हा देवाच्याच सांगण्यावरून तो साप खांबावर चढला. त्याच्याकडे पाहून माणसं जगली. पिढ्यानपिढ्या जपलेली ही वस्तू फोडणं मला तरी पटत नाही.

खडूफळा: मला पूर्ण पटतं. ते औषध होतं, दुखणं वाळवंटातच संपलं. पुढे त्याला नहुश्तान हे नाव पडलं. हिब्रूत नाहाश म्हणजे साप, नेहोशेत म्हणजे तांबं. नावात दोन्ही ऐकू येतात. धातूच्या तुकड्याला नाव मिळालं, समोर धूप जळायला लागला, की तो देवच झाला ना!

माळरान: मग कराराच्या कोशाचं, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पवित्र पेटीचं काय? याजक एलीच्या मुलांनी तो पलिष्ट्यांविरुद्ध रणात नेला, जणू विजयाचा ताईत. लढाई हरली, कोशही गेला. गैरवापर तोही होता. तो परत आल्यावर कोणी हातोडा उचलला?

खडूफळा: कोशाची रचनाच बघा. बाभळीचं लाकूड, सोन्याने मढवलेलं, अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच. कड्यांत दांडे घातलेले, ते कधीच काढायचे नाहीत, म्हणजे उचलताना पेटीला हात लागायला नको. कोश नेणाऱ्या गाडीचे बैल अडखळले तेव्हा उज्जाने सावरायला हात लावला आणि तो जागीच मेला. आत आज्ञांच्या पाट्या, वर दोन करूब, म्हणजे पंखवाले स्वर्गीय जीव, त्यांच्या मधे रिकामी जागा. पूजा करायला मूर्तीच नाही. सापाचं तसं नव्हतं, तो डोळ्यांसमोर होता.

अष्टागर: मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू, आमचं मूळ घर अलिबागकडचं. दाराच्या उजव्या चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे आत धर्मवचनं ठेवलेल्या डबीला, बोटं लावून ती ओठांना लावायची सवय लहानपणापासूनची. आजी बजावायची, डबीला नाही रे, आतल्या शब्दांना. तोराची, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी जीर्ण झाली तर ती फेकत नाहीत, माणसासारखी मातीत ठेवतात. सापालाही तशी माती देता आली असती. मी माळरान यांच्या बाजूने.

खडूफळा: पुरलेलं लोक उकरून काढतात.

माळरान: नेहमीच नाही. इस्राएलच्या नेगेव वाळवंटातल्या तेल अरादच्या प्राचीन देवळात धुपाच्या दोन वेद्या आडव्या करून झाकलेल्या सापडल्या. कोणत्या राजाच्या काळात झाकल्या, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण फोडल्या नव्हत्या, हे नक्की. म्हणजे दुसरी वाट होती.

खडूफळा: त्या वेद्या होत्या, धूप जाळायच्या. सापापुढे धूप जळत होता.