डहाणूकर कॉलनी ते शिवाजीनगर कोर्ट रोज सायकलने, कुठला रस्ता धरू?

डहाणूकरची_सायकल
नमस्कार मंडळी. राहायला पुण्यात डहाणूकरला, ऑफिस शिवाजीनगर कोर्टाजवळ, साडेनऊला पोचायचं आणि साडेसहाच्या आसपास सुटायचं. इतके दिवस स्कूटरने जात होते, आता गिअरवाली हायब्रिड घेतलीये आणि ती नुसती रविवारी सकाळी फिरायला न ठेवता रोज ऑफिसला न्यायची असं ठरवलंय. मॅपमध्ये टाकलं तर तो सरळ कर्वे रोड, डेक्कन, एफसी (फर्ग्युसन कॉलेज) रोड असा दाखवतो, सहा-सात किलोमीटर. अंतराचं काही नाही, पण कर्वे रोडवर सकाळी नऊला सायकल घालायची हिंमत होत नाही, नळस्टॉपला स्कूटरवर असतानासुद्धा जीव मुठीत धरून जाते मी. आतल्या आत गल्ल्यांमधून कुणी रोज जातं का? पावसाळ्यात काय करता? घरचे म्हणतायत कशाला नस्ती उठाठेव, पण मला खरंच जमवायचंय हे.

एरंडवणेकर
ताई जमेल, नक्की जमेल, फक्त रस्ता निवडताना किलोमीटर मोजू नका, चौक मोजा. सायकलवाल्याला सरळ रस्त्यावर तितका धोका नसतो, सगळा घोळ चौकात आणि वळणावर असतो, आणि त्यातही उजवीकडच्या वळणावर, कारण तिथे डाव्या कडेने मधे सरकत जावं लागतं आणि मागून येणाऱ्याला तुम्ही वळताय हे कळतच नाही. म्हणून किलोमीटरभर जास्त पडला तरी चालेल पण मोठे चौक आडवे ओलांडायचे, त्यांच्यातून वळायचं नाही, मी तरी हाच हिशोब धरून रस्ता काढतो.

तुमच्यासाठी असं बघा. कर्वे पुतळ्याला मेन रोडवर येऊच नका, आतून कर्वेनगरच्या बाजूने अलंकार चौकी, तिथून मेहेंदळे गॅरेजचा रस्ता, मग नळस्टॉप. घाबरू नका, तुम्हाला कर्वे रोडने जायचंच नाहीये, सिग्नल सुटला की समोर लॉ कॉलेज रोडला लागायचं, बास. थोडं पुढे जाऊन प्रभात रोडच्या गल्ल्यांमध्ये शिरा, आणि तिथून पुढे शहरातला सगळ्यात सुंदर तुकडा आहे बघा, झाडं, सावली, गाड्या कमी, एप्रिलमध्येसुद्धा डोक्यावर ऊन येत नाही. कमला नेहरू पार्कवरून भांडारकर रोड, खाली गुडलक चौक, मग आपटे रोड, घोले रोड, बालगंधर्व चौक. तिथे जेएम (जंगली महाराज) रोड आडवा ओलांडला की महापालिकेकडे आणि पुढे कोर्ट. संचेतीच्या चौकात जायची गरजच पडत नाही, आणि ही या रस्त्याची सगळ्यात मोठी कमाई आहे.

लॉ कॉलेज रोडवरून गल्लीत शिरताना मात्र उजवीकडे वळावंच लागतं. गर्दी असेल तर डाव्या कडेला पूर्ण थांबा, दोन्हीकडे बघा आणि पायी ओलांडा, त्यात काही कमीपणा नाही. सिग्नलच्या चौकात उजवीकडे वळायची वेळ आली तर आधी सरळ पलीकडे जायचं, तिथल्या डाव्या कोपऱ्यात सायकल वळवून उभं राहायचं आणि त्या रस्त्याचा सिग्नल सुटला की सगळ्यांबरोबर निघायचं.

आणि पार्क केलेल्या गाड्यांपासून एक दार उघडेल एवढं अंतर ठेवून चालवा, भांडारकर रोडवर तर हे फार महत्त्वाचं. मागचे लोक हॉर्न मारतील, मारू द्या.

पॅडलवाला_कोथरूड
माझं मत वेगळं आहे. गल्ल्या वाटतात तेवढ्या निवांत नसतात, शाळेच्या वेळी रिक्षा, व्हॅन, रिव्हर्स येणाऱ्या गाड्या, गेटमधून न बघता बाहेर येणारे, शिवाय दर शंभर पावलांवर स्पीडब्रेकर. मी कर्वे रोडनेच जातो. सकाळी ट्रॅफिक इतका हळू असतो की सायकलचा आणि गाड्यांचा वेग जवळपास सारखाच, आणि डेक्कनकडे जाताना किंचित उतार पण मिळतो. फक्त नळस्टॉपच्या फ्लायओव्हरवर चढायचं नाही, खालूनच जायचं, आणि वरून उतरणाऱ्या गाड्या जिथे खालच्या रस्त्याला मिळतात तिथे मान वळवून मागे बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. पीएमपीच्या बसच्या डाव्या बाजूने कधीही घुसू नका, ती स्टॉपला कडेला घेते आणि आपण मधे सापडतो.

एरंडवणेकर
तुम्ही सवयीचे आहात हो, नवीन माणसाला हे नका सांगू. वेग सारखा असला तरी चुकीला जागा किती आहे ते पण बघायला पाहिजे. गल्लीत कुणी आडवं आलं तर धक्का बसेल, मेन रोडवर मागे बस असते. आधी महिनाभर आतून जाऊ देत, मग त्यांचं त्या ठरवतील.

पॅडलवाला_कोथरूड
हे मान्य. नवीन असताना आतूनच बरं.

पेठेतली_मी
पावसाळ्याचं मी सांगते, मी नारायण पेठेत राहते. कुणीतरी तुम्हाला रजपूत वीटभट्टीकडून नदीपात्रातला रस्ता सुचवेलच, मोकळा आणि सपाट आहे, पण जुलै-ऑगस्टमध्ये त्याच्या भरवशावर राहू नका, खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल आणि पात्रातले रस्ते बंद होतात आणि ऐन वेळी वळसा पडतो. पावसात झाडांच्या रस्त्यांवर ओला पाला असतो आणि पांढरे पट्टे, ड्रेनेजची झाकणं फार घसरतात, तिथे ब्रेकही नको आणि वळणही नको, सरळ निघून जायचं. मडगार्ड दोन्ही चाकांना लावून घ्या आजच. पाणी साचलंय तिथे आत किती खड्डा आहे ते दिसत नाही, त्यातून जाऊच नका.

आणि अडलात तर मेट्रो आहे की! 2023 च्या ऑगस्टपासून वनाजची लाईन कोर्टापर्यंत येते. मेट्रोत सायकल नेता येते, फक्त गर्दीची वेळ टाळा, लोकांना पण त्रास आणि आपल्याला पण. सिव्हिल कोर्ट स्टेशनला (आता नाव जिल्हा न्यायालय) आपली लाईन वरची आहे, जमिनीखाली खोल आहे ती स्वारगेटवाली, त्यामुळे लिफ्टने खाली आलं की लगेच रस्त्यावर.

डहाणूकरची_सायकल
केवढं सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. रविवारी सकाळी एरंडवणेकरांचा रस्ता चालवून बघते. येताना पण तोच उलटा धरायचा का? आणि घामाचं काय करता, ऑफिसात बाथरूम आहे पण शॉवर नाही.

एरंडवणेकर
रविवारी रस्ता पाठ करायला जा, पण रविवारवरून त्याचा अंदाज बांधू नका, एखाद्या कामाच्या दिवशी आठ-सव्वाआठला निघून परत बघा. येताना सगळा उलटा नाही चालणार, एफसी आणि जेएम दोन्ही वन-वे आहेत, ते आडवे ओलांडायचेच रस्ते ठेवा, आणि चार पावलांसाठी सुद्धा उलट्या बाजूने जाऊ नका, उतरून फूटपाथवरून ढकलत न्या. संध्याकाळी थोडा चढ लागतो, हलक्या गिअरवर घ्या. म्हात्रे पुलाकडून डीपी रोडने यायचा मोह होईल, पण लग्नाच्या सीझनमध्ये तिथल्या लॉन्सबाहेर कुठेही गाड्या लावलेल्या असतात, तेव्हा तो सोडा. मागचा लाल दिवा निघतानाच चालू करा, अंधार पडायची वाट बघू नका.

पेठेतली_मी
घामासाठी सॅक पाठीवर घेऊ नका, मागे कॅरिअर लावून त्यावर बॅग, निम्मा घाम तिथेच कमी होतो. ऑफिसचा कुर्ता घडी करून बॅगेत, पोचल्यावर दहा मिनिटं पंख्याखाली बसायचं आणि मग ओल्या नॅपकिनने पुसून बदलायचा, लगेच बदललात तर तोही भिजतो. आणि कुलूप फ्रेममधून घालून पक्क्या खांबाला लावा, नुसतं चाकाला नको.