स्कम बारमध्ये तुम्ही कुठे अडकला होतात?

परवा माळा आवरताना एक जुनी फ्लॉपी सापडली, वर दादाच्या अक्षरात ‘मंकी’, आणि एकदम मेले आयलंडवरचा तो स्कम बार डोळ्यांसमोर आला. ‘सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’, १९९० चा चाच्यांचा कॉम्प्युटर गेम. ज्यांनी खेळलाय त्यांनी बारमधले किस्से लिहा, सोल्यूशन बघून खेळलेल्यांनीपण लिहा, कोणी हसणार नाही (हसणार, पण लिहा). नाव स्कम का, तर ज्या सिस्टीमवर गेम बनवला तिचंच नाव स्कम, हे मला कळायला वीस वर्षं लागली.

–

मी किचनच्या दारातच. आचारी दर वेळी हाकलायचा, मी दोन दिवस त्याला पटवायच्या मागे. शेवटी ताई म्हणाली, अरे तो बाहेर आला की गुपचूप आत घुस ना, लग्नाच्या पंगतीत घुसतोस तसा. झालं काम.

–

आम्ही मासा! किचनच्या मागच्या दाराबाहेर धक्क्यावर तो सीगल बसलेला, फळीवर पाय आपटून आपटून त्याला उडवायचा आणि तेवढ्यात मासा उचलायचा. इथपर्यंत जमलं, मालवणचे आहोत, मासा बघून सोडणार थोडीच. पण पुलावरचा राक्षस टोल म्हणून असं काहीतरी मागतो की जे लक्ष वेधेल पण ज्याला काही अर्थ नाही, त्याला आम्ही खिशातलं सगळं दाखवून झालं फक्त मासा सोडून, कारण मासा अर्थ नसलेला कसा असेल. तो मासा म्हणजे ‘रेड हेरिंग’, आणि इंग्रजीत ‘रेड हेरिंग’ म्हणजे दिशाभूल करणारी गोष्ट, हे अकरावीत कळलं. तोवर आम्ही पुलाच्या अलीकडेच.

–

ग्रॉग! तुरुंगातल्या ओटिसचं कुलूप वितळवायला बारमधून ग्रॉग, म्हणजे चाच्यांची दारू, न्यायची, पण ज्या मगात ओताल तो मगसुद्धा ती खाऊन टाकते. म्हणून टेबलावरचे सगळे मग उचलायचे आणि पळता पळता एकातून दुसऱ्यात ओतत जायचं. मी पहिल्यांदा एकच मग घेऊन निघालो 😭

–

केमिस्ट्रीवाली म्हणून सांगते, ग्रॉगच्या रेसिपीत केरोसीन, ॲसिटोन, सल्फ्युरिक ॲसिड, बॅटरी ॲसिड आणि वर पेपरोनी आहे. २००९ मध्ये अर्जेंटिनातल्या एका न्यूज चॅनेलने ही यादी खरी समजून तरुणांमधलं नवीन घातक पेय म्हणून बातमी चालवली होती. आपल्याकडच्या ब्रेकिंग न्यूजला उगाच नावं ठेवतो आपण.

–

आमची कॉपीच चोरीची. खऱ्या गेमसोबत पुठ्ठ्याची चकती यायची, चाच्यांच्या चेहऱ्याचे वरचे-खालचे अर्धे जुळवून साल टाइप करायचं, तेव्हा गेम सुरू. मित्राने तिचा झेरॉक्स दिला, इतका काळा की सगळे चाचे सारखेच, म्हणजे बारच्या आत जायच्याही आधी अडकलेला मी एकटाच असेन इथे.

–

मला बार ओव्हररेटेड वाटतो, सॉरी. दोन खोल्या, एक कुत्रा आणि तीन ‘महत्त्वाचे दिसणारे’ चाचे, पारावरच्या पुढाऱ्यांसारखे, तलवारबाजी शिक, चोरी कर, खजिना शोध म्हणतात, स्वतः जागचे हलत नाहीत.

–

वरच्यांना: म्हणूनच तर आवडतो. २०२२ च्या नवीन भागात मुलीला घेऊन परत गेलो, बार आहे पण ते तिघं सत्तेवर नाहीत, नवीन पुढारी आलेत. मुलगी म्हणाली बाबा तुम्ही रडताय का. म्हटलं ग्रॉग उडाली डोळ्यात.